कॉलेज बास्केटबॉलमधला गाजलेला हंगाम कसा वाचायचा? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकेतल्या कॉलेज बास्केटबॉलमध्ये एखादा संघ वर्षभर जिंकत सुटला की आमच्याकडे येणारे प्रश्न ठरलेले असतात. "३५-१ म्हणजे नेमकं काय?" इथून सुरुवात होते आणि "मग विजेतेपद काढून घेतलं तर तो हंगाम धरायचा की नाही?" इथपर्यंत गाडी जाते. तेच प्रश्न सोप्याकडून अवघडाकडे लावले आहेत. एका उत्तराचा धागा दुसऱ्यात असेल तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. संघाच्या नावापुढे ३५-१ लिहितात. त्यात कोणकोणते सामने धरतात?

पहिला आकडा विजयांचा, दुसरा पराभवांचा. बरोबरी नसते. ४० मिनिटांत निकाल लागला नाही तर ५-५ मिनिटांचे जादा डाव होतात, निकाल लागेपर्यंत. नोव्हेंबरच्या सुरुवातीपासूनचे सगळे अधिकृत सामने या आकड्यात येतात: कॉन्फरन्सबाहेरचे (कॉन्फरन्स म्हणजे काही संघांची लीग, प्रश्न ३), कॉन्फरन्सचे साखळी सामने, मार्चमधली कॉन्फरन्स स्पर्धा आणि त्यानंतरची राष्ट्रीय बाद फेरी. हंगामाआधीचे सराव सामने मात्र धरत नाहीत.

सोबत १८-० असा दुसरा आकडा दिसला तर तो फक्त कॉन्फरन्सच्या साखळी सामन्यांचा असतो. कॉन्फरन्स स्पर्धेतला पराभव एकूण आकड्यात येतो, या दुसऱ्यात येत नाही. "१८-० असताना हे हरले कधी?" या गोंधळाचं मूळ बहुतेक वेळा इथेच सापडतं.

२. एका हंगामात जास्तीत जास्त किती सामने होतात?

कॉन्फरन्सबाहेरचे आणि साखळीचे मिळून साधारण ३१, कॉन्फरन्स स्पर्धेचे ३ किंवा ४ आणि राष्ट्रीय स्पर्धेत अखेरपर्यंत टिकलं तर ६. म्हणून उत्तम संघाची बेरीज ३८ ते ४० च्या आसपास येते. जुन्या हंगामांत सामने कमी असत. यूसीएलएचे अपराजित हंगाम ३०-० चे आहेत, तर बेलरच्या महिला संघाचा २०११-१२ चा हंगाम ४०-० चा. चाळीस तिसापेक्षा मोठे दिसतात म्हणून तो हंगाम आपोआप मोठा ठरत नाही.

३. कॉन्फरन्स म्हणजे लीगच ना? मग राष्ट्रीय स्पर्धेचा वेगळा घाट कशाला?

पहिल्या विभागात, म्हणजे डिव्हिजन वनमध्ये, ३६० हून अधिक संघ आहेत. सगळे सगळ्यांशी खेळणं अशक्य, म्हणून ते कॉन्फरन्समध्ये वाटलेले आहेत. काही कॉन्फरन्स श्रीमंत आणि तगड्या, काही लहान. लहान कॉन्फरन्समधल्या संघाला मोठे संघ आपल्या मैदानावर खेळायला मिळणं दुरापास्त असतं, आणि त्याची किंमत त्याला मार्चमध्ये मोजावी लागते (प्रश्न ११).

राष्ट्रीय स्पर्धा एनसीएए, म्हणजे कॉलेज खेळांची राष्ट्रीय संस्था, भरवते. पुरुषांची स्पर्धा २०११ पासून आणि महिलांची २०२२ पासून ६८ संघांची आहे. २०२५ च्या पुरुषांच्या स्पर्धेत ३१ कॉन्फरन्स विजेते थेट आले आणि उरलेल्या ३७ जागा निवड समितीने भरल्या. चार गट, प्रत्येकात १ ते १६ मानांकन, आणि हरला तो घरी.

४. पुरुष आणि महिलांचे नियम सारखेच आहेत का?

सामना दोघांचाही ४० मिनिटांचा. पुरुष २०-२० मिनिटांचे दोन डाव खेळतात, महिला २०१५-१६ पासून १०-१० मिनिटांचे चार. शॉट क्लॉक, म्हणजे शॉट मारण्याची मुदत, दोन्हीकडे ३० सेकंद, पाच फाउल झाले की खेळाडू बाहेर. तीन गुणांची रेषाही आता सारखीच आहे, २२ फूट पावणेदोन इंच.

मोठा फरक सांघिक फाउलमध्ये आहे. पुरुषांत एका डावात प्रतिस्पर्ध्याचे सात फाउल झाले की "वन-अँड-वन" मिळतो, म्हणजे पहिला फ्री थ्रो बास्केटमध्ये गेला तरच दुसरा. दहाव्या फाउलपासून थेट दोन. महिलांत प्रत्येक डावात पाचव्या फाउलला थेट दोन आणि डाव संपला की मोजणी पुन्हा शून्यावर. त्यामुळे शेवटच्या दोन मिनिटांत पिछाडीवरचा संघ मुद्दाम फाउल करू लागतो तेव्हा दोन्हीकडची गणितं वेगळी चालतात.

५. आजवर किती संघ एकही सामना न हरता विजेते झाले?

पुरुषांत सात वेळा: सॅन फ्रान्सिस्को (१९५६, २९-०), नॉर्थ कॅरोलायना (१९५७, ३२-०), यूसीएलए चारदा (१९६४, १९६७, १९७२, १९७३, प्रत्येक वेळी ३०-०) आणि इंडियाना (१९७६, ३२-०). इंडियानानंतर कोणालाही ते जमलेलं नाही.

महिलांत एनसीएए स्पर्धेच्या काळात २०२४ पर्यंत दहा वेळा: टेक्सस (१९८६), टेनेसी (१९९८), बेलर (२०१२), साउथ कॅरोलायना (२०२४) आणि कनेटिकट तब्बल सहा वेळा (१९९५, २००२, २००९, २०१०, २०१४, २०१६).

फक्त साखळीत अपराजित राहिलेले संघ या यादीत नाहीत. त्यांची कहाणी प्रश्न ९ मध्ये.

६. निवड समिती विजय मोजते की आणखी काही? हे "क्वाड्रंट" काय प्रकरण आहे?

समितीपुढे "नेट" नावाची क्रमवारी असते. पुरुषांसाठी ती २०१८-१९ मध्ये आली, महिलांसाठी २०२०-२१ मध्ये. कोणाला हरवलं, कुठे हरवलं आणि प्रत्येक पझेशनमागे (चेंडू एका संघाकडे असण्याची एक पाळी) किती सरस खेळ झाला, यांवर ती बेतलेली आहे. या क्रमवारीवरून प्रत्येक सामना चारपैकी एका खान्यात पडतो. ते खाने म्हणजे क्वाड्रंट.

पुरुषांसाठीची विभागणी अशी. पहिल्या खान्यात: आपल्या मैदानावर १ ते ३०, तटस्थ मैदानावर १ ते ५० किंवा परक्या मैदानावर १ ते ७५ क्रमांकाच्या संघाशी झालेला सामना. दुसऱ्यात: आपल्याकडे ३१ ते ७५, तटस्थ ५१ ते १००, परक्याकडे ७६ ते १३५. तिसऱ्यात: आपल्याकडे ७६ ते १६०, तटस्थ १०१ ते २००, परक्याकडे १३६ ते २४०. त्याखालचं सगळं चौथ्यात. सत्तराव्या क्रमांकाच्या संघाला त्याच्या घरी हरवणं आणि पंचविसाव्या क्रमांकाच्या संघाला आपल्या घरी हरवणं एकाच तोलाचं मानलं जातं, ते यामुळे. घरच्या मैदानाचा फायदा साधारण ३ गुणांचा धरतात.

लोक दोन ठिकाणी चुकतात. एक, क्रमवारी रोज बदलते, त्यामुळे डिसेंबरमध्ये पहिल्या खान्यात असलेला विजय मार्चपर्यंत दुसऱ्यात घसरू शकतो आणि त्यात तुमच्या संघाचा काडीचाही दोष नसतो. दोन, खालच्या विभागातल्या संघावरचा विजय एकूण आकड्यात दिसतो, पण नेटमध्ये धरलाच जात नाही. आकडा २७ विजयांचा आणि समितीच्या कागदावर २५, असं होतं ते म्हणून.

वर्तमानपत्रांत येणारी एपी या वृत्तसंस्थेची पहिल्या २५ संघांची यादी हा वेगळा प्रकार. पत्रकार दर आठवड्याला मतं देतात, पहिल्या क्रमांकाला २५ गुण, दुसऱ्याला २४, याप्रमाणे. चर्चेला ती छान, पण प्रवेश आणि मानांकन तिच्यावर ठरत नाही.

७. "कार्यक्षमता" कशी काढतात? गुणांचा फरक पुरेसा नाही का?

नाही, कारण सगळे संघ सारख्या वेगाने खेळत नाहीत. ८० पझेशनांत १० गुणांनी जिंकणं आणि ६० पझेशनांत १० गुणांनी जिंकणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. म्हणून दर १०० पझेशनांमागे किती गुण केले आणि किती दिले, हे पाहतात.

पझेशनांचा अंदाज बॉक्स स्कोअरवरून, म्हणजे सामन्याच्या आकडेतक्त्यावरून, काढता येतो: बास्केटच्या दिशेने मारलेले एकूण शॉट, वजा आक्रमक रिबाउंड (आपल्याच चुकलेल्या शॉटनंतर परत मिळवलेला चेंडू), अधिक टर्नओव्हर (शॉट न मारताच गमावलेला चेंडू), अधिक फ्री थ्रो गुणिले ०.४७५. आक्रमक रिबाउंड वजा करायचे, कारण तिथे चेंडू त्याच संघाकडे राहतो, पझेशन तेच चालू असतं. फ्री थ्रो पूर्ण न धरता ०.४७५ ने धरायचे, कारण दोन फ्री थ्रो मिळून साधारण एक पझेशन संपतं, आणि बास्केट झाल्यावर मिळणाऱ्या जादा फ्री थ्रोने वेगळं पझेशन खर्च होत नाही.

एक काल्पनिक सामना घेऊ. संघाने ५८ शॉट मारले, २७ गेले, त्यांतले ८ तीन गुणांचे. २० पैकी १५ फ्री थ्रो गेले. आक्रमक रिबाउंड १०, टर्नओव्हर ११. गुण झाले ५४ + ८ + १५ = ७७. पझेशन ५८ − १० + ११ + ९.५ = ६८.५. म्हणजे १०० पझेशनांमागे ११२.४ गुण. प्रतिस्पर्ध्याने तेवढ्याच पझेशनांत ७० केले असतील तर त्याचे १०२.२. फरक +१०.२.

असा फरक सगळ्या हंगामाचा काढून, त्यात प्रतिस्पर्ध्यांचा दर्जा आणि मैदान धरून दुरुस्ती केली की जो आकडा मिळतो तो विजय-पराभवापेक्षा खूप बोलका असतो. राष्ट्रीय विजेतेपदाच्या शर्यतीतले संघ सहसा +२५ च्या वर असतात. दुरुस्ती न केलेला आकडा मात्र फसवा. दुबळ्या कॉन्फरन्समध्ये +२० मिळवणं फार अवघड नाही.

८. जिंकणारा संघ खरोखर चांगला आहे की नशीबवान, हे कसं ओळखायचं?

आधी चार गोष्टी तपासा, याच क्रमाने. शॉटची गुणवत्ता: तीन गुणांच्या बास्केटला दीडपट वजन देऊन काढलेली टक्केवारी. वरच्या सामन्यात (२७ + ४) भागिले ५८, म्हणजे ५३.४ टक्के. मग टर्नओव्हरचं प्रमाण: ११ भागिले ६८.५, म्हणजे १६ टक्के. मग आपल्याच चुकलेल्या शॉटपैकी किती रिबाउंड परत मिळवले. प्रतिस्पर्ध्याने २२ बचावात्मक रिबाउंड घेतले असतील तर ३२ पैकी १०, म्हणजे ३१ टक्के. शेवटी फ्री थ्रो मिळवण्याचं प्रमाण: २० भागिले ५८, ३४.५ टक्के. या चारांत संघ सातत्याने सरस असेल तर हंगाम भक्कम पायावर उभा आहे.

मग नशिबाच्या जागा बघा. पाच किंवा कमी गुणांनी सुटलेले आणि जादा डावात गेलेले सामने वेगळे काढा. अशा सामन्यांत ९-१ असणाऱ्या संघाचं पुढच्या वर्षी तेच प्रमाण राहील अशी पैज लावू नका. प्रतिस्पर्ध्यांची फ्री थ्रोची टक्केवारीही पाहा, कारण तिच्यावर बचावाचा काहीच ताबा नसतो. प्रतिस्पर्ध्यांचे तीन गुणांचे शॉट किती टक्के गेले यावरही ताबा फार थोडा असतो. चांगला बचाव असे शॉट मारूच देत नाही, मारल्यावर ते चुकवायला लावणं त्याच्या हातात नसतं. विरोधकांचे तीन गुणांचे शॉट अवघे २८ टक्के गेले म्हणून एखाद्या बचावाचे पोवाडे गायले जात असतील, तर त्यांनी असे किती शॉट मारले हे आधी विचारा.

९. वर्षभर न हरलेला संघ नेमका मार्चमध्ये का हरतो? दडपण येतं का?

दडपण असेलही, पण आधी गुणाकार करून पाहा. प्रत्येक सामना जिंकण्याची शक्यता ९० टक्के असलेला संघ सलग सहा जिंकण्याची शक्यता ५३ टक्के निघते. ८५ टक्के धरली तर ३८. आणि उपांत्य फेरीतल्या प्रतिस्पर्ध्याविरुद्ध जिंकण्याची शक्यता काही ९० टक्के नसते. देशातला सर्वांत चांगला संघ विजेता होत नाही, यात आश्चर्य मानायचं कारणच नाही. सात सामन्यांच्या मालिकेत जे झाकलं जातं ते एका रात्रीत उघडं पडतं.

गाजलेली उदाहरणं पाहा. १९९०-९१ चा यूएनएलव्ही ३४-० असताना उपांत्य फेरीत ड्यूककडून ७९-७७ असा हरला. आदल्याच वर्षी अंतिम सामन्यात त्याने त्याच ड्यूकला १०३-७३ असं लोळवलं होतं. २०१३-१४ चा विचिटा स्टेट ३५-० वर केंटकीकडून ७८-७६ असा बाद झाला. केंटकीचं मानांकन आठवं होतं, पण तो संघ पुढे अंतिम सामन्यापर्यंत गेला, म्हणजे ते मानांकनच फसवं होतं. २०१४-१५ चा केंटकी ३८-० वर विस्कॉन्सिनकडून ७१-६४ असा हरला. शेवटच्या टप्प्यात सलग तीन पझेशनांत त्याचा शॉट क्लॉक संपला. २०२०-२१ चा गोंझागा ३१-० ने अंतिम सामन्यात उतरला आणि बेलरने त्याला ८६-७० असं हरवलं. त्याच्या दोनच दिवस आधी यूसीएलएशी जादा डावात ९३-९० अशी झुंज झाली होती.

या चौघांत केवळ दुर्दैवाचं खातं शोधायचं तर ते विचिटा स्टेटचं. गोंझागाचं नक्कीच नाही. त्या रात्री बेलर पहिल्या मिनिटापासून वरचढ होता.

१०. संथ खेळणारे संघ मार्चमध्ये जास्त धोक्यात असतात, हे खरं का?

अंशतः. पझेशन जितकी कमी, तितका प्रत्येक शॉटचा भार जास्त आणि दुबळ्या संघाला धक्का देण्याची संधी जास्त. २०१८ मध्ये व्हर्जिनिया ३१-२ होता, देशात अत्यंत संथ खेळणाऱ्या संघांपैकी एक आणि पहिल्या मानांकनाचा. त्याला सोळाव्या मानांकनाच्या यूएमबीसीने ७४-५४ असं हरवलं. पुरुषांच्या स्पर्धेत सोळाव्याने पहिल्याला हरवण्याची ती पहिलीच वेळ. (महिलांत हार्वर्डने १९९८ मध्येच स्टॅनफर्डला ७१-६७ असं हरवलं होतं. हे सोयीस्करपणे विसरलं जातं.)

पण २० गुणांचा पराभव संथपणाच्या खात्यावर टाकता येत नाही. संथपणाने सामना चुरशीचा होतो, एकतर्फी नाही. शिवाय तोच व्हर्जिनिया, त्याच संथ पद्धतीने, पुढच्याच वर्षी टेक्सस टेकला जादा डावात ८५-७७ असं हरवून विजेता झाला.

११. २८-६ चा संघ बाहेर आणि १९-११ चा आत? हा अन्याय नाही का?

कॉन्फरन्स स्पर्धा जिंकली की थेट प्रवेश, मग आकडा काहीही असो. न जिंकली तर सगळं समितीच्या हाती. २०२४ मध्ये इंडियाना स्टेट २८-६ होता आणि नेटच्या पहिल्या तिसांत होता, पण कॉन्फरन्सच्या अंतिम सामन्यात ड्रेककडून ८४-८० असा हरला आणि समितीने त्याला घेतलं नाही. अडचण प्रश्न ३ मधलीच: पहिल्या खान्यातले सामने त्याच्या वाट्याला फारसे आलेच नव्हते. तो संघ एनआयटी या दुय्यम स्पर्धेत अंतिम सामन्यापर्यंत गेला आणि हंगाम ३२-७ वर संपला.

उलट सेंट पीटर्स २०२२ मध्ये १९-११ असताना कॉन्फरन्स जिंकल्यामुळे आत आला, मानांकन पंधरावं. त्याने केंटकीला जादा डावात ८५-७९, मरे स्टेटला ७०-६० आणि परड्यूला ६७-६४ असं हरवलं. शेवटी नॉर्थ कॅरोलायनाने त्याला ६९-४९ असं रोखलं. अंतिम आकडा २२-१२. विजयांच्या यादीत तो हंगाम कुठेच दिसणार नाही. पण पंधराव्या मानांकनावरून शेवटच्या आठांत पोहोचलेला पुरुषांचा तो पहिला संघ.

आमच्या मते इंडियाना स्टेटवर अन्याय झाला. सेंट पीटर्सच्या प्रवेशात मात्र अन्याय काहीच नाही.

१२. कॉन्फरन्स जिंकूनही राष्ट्रीय स्पर्धेत नाही, असं होऊ शकतं?

हो, दोन कारणांनी. पहिलं, दुसऱ्या विभागातून वर आलेल्या संघाला ठरावीक वर्षं थांबावं लागतं. मेरिमॅकने २०२३ मध्ये कॉन्फरन्सच्या अंतिम सामन्यात फेअरली डिकिन्सनला ६७-६६ असं हरवलं, पण तेव्हाच्या नियमानुसार त्याची चार वर्षं भरलेली नव्हती. जागा हरलेल्या फेअरली डिकिन्सनला मिळाली. पहिल्या विभागातला सर्वांत कमी सरासरी उंचीचा तो संघ. त्याने ७ फूट ४ इंचाचा सेंटर असलेल्या, पहिल्या मानांकनाच्या परड्यूला ६३-५८ असं हरवलं. सोळाव्याने पहिल्याला हरवण्याची पुरुषांतली ती दुसरी वेळ, आणि तीही कॉन्फरन्स न जिंकलेल्या संघाकडून.

दुसरं कारण बंदी. एसएमयूने २०१५-१६ चा हंगाम १८-० ने सुरू केला तेव्हाच ठाऊक होतं की मार्चमध्ये त्याला खेळता येणार नाही. तो संघ २५-५ वर थांबला.

१३. आदल्या वर्षीचा जवळजवळ अख्खा संघ गेला, तरी हंगाम गाजतो कसा?

साउथ कॅरोलायनाच्या महिला संघाइतकं बोलकं उदाहरण नाही. २०२२-२३ मध्ये ३६-० असताना उपांत्य फेरीत आयोवाकडून ७७-७३ असा पराभव झाला आणि सुरुवातीच्या पाचही खेळाडू गेल्या. पुढच्या हंगामात प्रशिक्षक डॉन स्टेली यांनी खोलीवर भर दिला, म्हणजे राखीव फळी इतकी भक्कम केली की दुसरी पाचजणी उतरली तरी वेग पडत नसे. अंतिम सामन्यात आयोवाला ८७-७५ असं हरवताना राखीव खेळाडूंचे गुण ३७ विरुद्ध ० होते. आकडा ३८-०. पण त्यातही एक सामना जेमतेम सुटला. कॉन्फरन्सच्या उपांत्य सामन्यात टेनेसीविरुद्ध शेवटच्या क्षणी कामिला कार्दोसोने तीन गुणांचा शॉट लावला आणि संघ ७४-७३ असा वाचला. उंच सेंटर असलेल्या कार्दोसोचा कारकिर्दीतला तो पहिलाच तीन गुणांचा बास्केट.

बाकीच्या संघांचं बोलायचं तर २०१८ मध्ये ट्रान्स्फर पोर्टल (कॉलेज बदलू इच्छिणाऱ्या खेळाडूंची यादी) आलं, २०२१ मध्ये एकदा कॉलेज बदलून लगेच खेळायची मुभा मिळाली आणि २०२४ मध्ये, अभ्यासाच्या अटी पाळल्या तर, ती कितीही वेळा मिळू लागली. १ जुलै २०२१ पासून खेळाडूंना स्वतःच्या नावावर कमाई करता येते आणि २०२५-२६ पासून विद्यापीठं त्यांना थेट वाटाही देऊ शकतात. त्यामुळे "चार वर्षं एकत्र मुरलेला संघ" आता दुर्मीळ आहे. नवा संघ जोखताना मागच्या वर्षीच्या एकूण खेळलेल्या मिनिटांपैकी किती टक्के मिनिटं परत आली, हे आधी बघा. निम्म्याहून कमी असतील तर नोव्हेंबरच्या निकालांवरून मत बनवायची घाई करू नका.

१४. दुखापतीमुळे वाया गेलेला हंगाम कसा मोजायचा?

दुखापतीआधीचा आणि नंतरचा असे दोन आकडे काढा (पद्धत प्रश्न ७ मधली). इंडियानाच्या १९७५ आणि १९७६ च्या हंगामांची जोडी इथे उपयोगी पडते. १९७४-७५ मध्ये संघ अपराजित होता, हंगामाच्या उत्तरार्धात स्कॉट मेचा हात मोडला आणि केंटकीने विभागीय अंतिम सामन्यात ९२-९० असं हरवलं. आकडा ३१-१. पुढच्या वर्षी तोच गाभा परत आला आणि ३२-० झालं. त्या अंतिम सामन्यातही बॉबी विल्करसन सुरुवातीलाच डोक्याला मार लागून बाहेर गेला, मध्यंतराला मिशिगन ३५-२९ असा पुढे होता, तरी निकाल ८६-६८ लागला. दोन्हींत चांगला संघ १९७५ चा होता असं मानणारे जाणकार आहेत, आणि ते मत उडवून लावण्यासारखं नाही.

१५. २०२० चा हंगाम कोणाच्या नावावर?

कोणाच्याच नाही. १२ मार्च २०२० रोजी राष्ट्रीय स्पर्धा रद्द झाली. सर्वांत मोठी चुटपुट डेटनची. २९-२, कॉन्फरन्समध्ये १८-०, दोन्ही पराभव जादा डावात, आणि संघात ओबी टॉपिनसारखा वर्षातला सर्वोत्तम खेळाडू. आकडा अधिकृत आहे, विजेतेपद मात्र नाही. फ्लोरिडाच्या सिनेटने फ्लोरिडा स्टेटला विजेता म्हणणारा ठराव केला होता. एनसीएएच्या दप्तरात त्याला स्थान नाही.

१६. विजेतेपद काढून घेतलं तर ते उपविजेत्याला मिळतं का?

नाही. लुइव्हिलने २०१३ मध्ये मिशिगनला ८२-७६ असं हरवून मिळवलेलं विजेतेपद २०१८ मध्ये रद्द झालं. ती जागा रिकामी आहे, मिशिगन विजेता झालेला नाही. विजय "रद्द" होणं आणि सामना "बहाल" होणं यांत फरक आहे. रद्द झाला की जिंकणाऱ्याचा विजय पुसला जातो, पण हरलेल्याचा पराभव तसाच राहतो. बहाल झाला तरच समोरच्याला विजय मिळतो.

मेम्फिसच्या २००७-०८ च्या हंगामात ३८ विजय होते. एका खेळाडूच्या प्रवेश परीक्षेचे गुण अवैध ठरल्याने ते सगळे रद्द झाले. त्यामुळे जुन्या वार्तांकनात ३८-२ दिसतं आणि अधिकृत पुस्तकात दिसत नाही. लिहिताना दोन्ही द्या, आणि कोणता आकडा कुठला ते सांगा.

१७. सलग विजयांची मालिका आणि हंगाम यांची गल्लत होते. फरक काय?

मालिका हंगामाची सीमा मानत नाही. यूसीएलएच्या पुरुष संघाची ८८ विजयांची मालिका १९७१ मध्ये सुरू झाली आणि १९ जानेवारी १९७४ रोजी नोटर डेमने शेवटचे सलग १२ गुण करून ७१-७० असा विजय मिळवला तेव्हा संपली. कनेटिकटच्या महिलांची १११ विजयांची मालिका २०१७ च्या उपांत्य फेरीत मिसिसिपी स्टेटने जादा डावात ६६-६४ अशी तोडली. कनेटिकटचा तो हंगाम ३६-१ चा. मालिकेचा आकडा हंगामाच्या आकड्याशेजारी लिहिला की वाचणारा हमखास गोंधळतो.

१८. संघ बास्केटची जाळी कापतानाचा फोटो आहे, म्हणजे तो राष्ट्रीय विजेता ना?

तेवढ्यावरून सांगता येत नाही. नॉर्थ कॅरोलायना स्टेटचे प्रशिक्षक एव्हरेट केस यांच्या संघाने १९४७ मध्ये ही प्रथा रुजवली, तीही कॉन्फरन्स जिंकल्यावर. आजही कॉन्फरन्स जिंकल्यावर, गट जिंकून फायनल फोरमध्ये (शेवटच्या चार संघांत) पोहोचल्यावर आणि राष्ट्रीय विजेतेपदानंतर अशी तीनदा जाळी कापली जाऊ शकते. खेळाडू एकेक करून शिडीवर चढतात, एकेक दोरा कापतात, आणि शेवटचा दोरा मुख्य प्रशिक्षकाचा. फोटो कोणत्या विजयाचा ते ओळखायचं तर मैदानावर आणि टोप्यांवर छापलेलं स्पर्धेचं नाव वाचा.